राखण

संयुग क्रमांक दोनशे बारा.
पांढरी भुकटी, नखाच्या अर्ध्याएवढी.
उंदरांनी ती तीन आठवडे सोसली,
चौथ्यात यकृत गेलं.
मी वहीत आडवी रेघ मारली
आणि रात्रीच्या यष्टीने आरमोरीला उतरले.

घरी कोणी नव्हतं. भाद्रपदात आमच्याकडे घरी कोणी नसतंच,
सगळे ऐनाच्या राईत, कोशाच्या अळ्यांपाशी.
बाबा झाडाखाली, मांडीवर गोफण,
दाढी वाढलेली. अळ्या झाडावर असेपर्यंत
ते दाढी करत नाहीत, हळद खात नाहीत,
अंगाला तेल लावत नाहीत.
मीसुद्धा प्रयोगशाळेत अत्तर लावत नाही, बाबा,
असं एकदा म्हटलं होतं,
तेव्हा त्यांना हसू आलं होतं.

यंदा त्यांनी विचारलं, "कोनाची वो तू?"
तुमचीच. डोमा मारबत्याची धाकटी, कुंता.
"हो का," म्हणाले, आणि वर पाहिलं.
शेंड्यावर कोतवाल बसला होता.
दगड सुटला,
फांदीला न लागता, पानाला न लागता
पाखराच्या डोक्याजवळून गेला.
नावं गळून गेलेल्या माणसाचा हात.

दुपारी, शिदोरीचा भात खाताना,
त्यांना थोडं फटफटतं.
"का करतेस तू नागपुरात?"
मी सांगत गेले. उंदराच्या मेंदूत, पार आत,
एक मुडपलेली घडी असते.
तिथे रोज नव्या पेशी जन्मतात,
म्हाताऱ्या उंदराच्यासुद्धा.
पण महिन्याभरात बहुतेक मरतात,
धागा सोडण्याआधीच,
शेजारणीला हात लागण्याआधीच.
"मंग तुजं औषद नवीन पैदा करते का?"
नाही. जन्मतात त्या आपल्या आपणच.
त्यांना मरू द्यायचं नाही, एवढंच.
ते बराच वेळ घास चावत राहिले.
"मंग थे राखनच आहे ना वो."

सात वर्षं मी हे अनुदानाच्या अर्जात
चौदा-चौदा पानं लिहीत आले.

शंभर अळ्यांतून कोसे किती होतात, मी विचारलं,
मला ठाऊक असून.
"तीस झाले त लय झाले."
आणि बाकीच्या?
"बाकीच्या पाखरायच्या."

सांगायचं राहिलं ते हे.
थर्मासात, बर्फात घालून, मी दोनशे सहा आणलं होतं.
आजवर टिकलेलं एकुलतं एक. उंदरात.
फक्त उंदरात.
बाबांचं वजन बावन्न किलो. गणित यष्टीतच झालं होतं,
तिकिटाच्या पाठीवर.
रात्री खोपटात त्यांच्या उशाशी बसून झाकण फिरवलं.
आत नुसतं पाणी. बर्फ कुठे तरी नागभीडच्या आसपासच
संपला असावा.
कुपी कंदिलासमोर धरली,
तांदळाच्या धुवणासारखी गढूळ.
गढूळ नसती तर?
हे मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.
सोमवारी नोंद केली:
एक कुपी, वाया. कारण, तापमान.
सरांनी सही केली. मान वर केली नाही.

पण ती सोमवारची गोष्ट.
त्या पहाटे बुंध्यांवरून मुंग्या चढत होत्या
आणि बाबा घमेल्यातून राख काढून
एकेका ऐनाभोवती कडं ओढत होते,
एकही झाड न विसरता.
मी मागून कंदील धरून चालत होते.
वर, पानाआड, करंगळीएवढी एक हिरवी अळी
कात टाकायला थांबली होती,
डोकं उचलून, अगदी न हलता.
चौतिसाव्या झाडापाशी बाबा वळले.
घमेलं माझ्या हातात दिलं.
"तू त्या आंगानं बस, बाई," म्हणाले,
"जे कोन असशील थे."